धोतरा, सर्पगंधा आणि तीन कड्यांचें औषध

कृष्णाकांठच्या सातारा-सांगली मुलुखांत धोतरा कोणास ठाऊक नाहीं? उकिरड्याच्या कडेस, शेताच्या बांधावर तो आपोआप उगवतो, आणि शंकराच्या पूजेसाठीं त्याचें फूल व फळ खुडून नेलें जातें. परंतु त्याचें बीं पोटांत गेलें म्हणजे मनुष्याचें तोंड कोरडें पडतें, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते, छाती धडधडूं लागते व शेवटीं तो बरळूं लागतो. एकोणिसाव्या शतकांत वाटसरूंस असें बीं अन्नांतून चारून लुबाडणारे लोक हिंदुस्थानांत पुष्कळ होते. थेट हींच लक्षणें पुढें एका अत्यंत उपकारक औषधाचा अतिरेक झाला असतां दिसूं लागलीं, ही गोष्ट मात्र आमच्या सुशिक्षित कुटुंबांतही फारशी कोणाच्या कानीं नसते.

ह्या औषधवर्गास ट्रायसायक्लिक म्हणतात. कारण त्याच्या रेणूंत तीन कडीं एकास एक जोडलेलीं असतात. त्याचा मूळ सांगाडा रसायनशास्त्रज्ञांनीं १८९९ सालींच तयार केला होता, पण वैद्यकांत त्याचा असा उपयोग पन्नास वर्षें कोणास सुचला नाहीं. १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमाझीनच्या योगानें उन्मादग्रस्तांचा क्षोभ शमतो असें आढळलें. तेव्हां बाझलच्या गायगी कंपनीनें त्याच्याशीं मिळताजुळता एक पदार्थ स्वित्झर्लंडांतील म्यून्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयांत रोलांड कून ह्या डॉक्टरांकडे पाठविला. छिन्नमनस्कतेवर तो निरुपयोगी ठरला. कून ह्यांनीं मात्र तो टाकून न देतां खोल औदासिन्यानें ग्रासलेल्या रुग्णांस देऊन पाहिला, आणि मान खालीं घालून बसणारे रुग्ण बोलूं लागले. १९५७ च्या सप्टेंबरांत झुरिकच्या जागतिक परिषदेंत त्यांनीं हें सांगितलें, तेव्हां समोर श्रोते जेमतेम डझनभर होते. तें औषध इमिप्रामीन होय.

दुसरा धागा आमच्याकडील सर्पगंधेचा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें लेख लिहून सर्पगंधेनें रक्तदाब उतरतो हें पाश्चात्त्य वैद्यांपुढें मांडलें, आणि १९५२ सालीं बाझलच्याच सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रेसर्पीन वेगळें केलें. रक्तदाब उतरला खरा. परंतु कांहीं रोग्यांचें मनही उतरलें! रेसर्पीन दिलेले प्राणी मलूल होऊन बसत, आणि इमिप्रामीनच्या वर्गांतील औषध आधीं दिलें असल्यास ते तसे होत नसत. मनाची अवस्था मेंदूंतील द्रव्यांवर अवलंबून असते हा तर्क बऱ्याच अंशीं अशा प्रयोगांवर उभा राहिला. पुढें तो अपुरा ठरला. औदासिन्य म्हणजे एखाद्या द्रव्याचा तुटवडा, एवढें सोपें तें प्रकरण नव्हे.

मिरज व सांगली यांच्या मधील वानलेसवाडी क्षयरोग्यांच्या शुश्रूषेसाठीं प्रसिद्ध होती. त्याच रोगावरील इप्रोनियाझिडनें न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयांतील रोगी १९५२ सालीं विलक्षण उत्साही झालेले दिसले, व त्यांतून औदासिन्यावरील औषधांचा निराळाच वर्ग निघाला. हे दोन वर्ग एकत्र पोटांत जाणें प्राणावर बेतूं शकतें. एक थांबवून दुसरा सुरू करावयाचा, तर मध्यें साधारणतः दोन आठवडे जाऊं द्यावे लागतात.

महाराष्ट्रानेंही ह्या कामीं भर घातली आहे. गोरेगांव येथें १९६३ सालीं उघडलेल्या सीबाच्या संशोधन केंद्रांत नायट्रोक्साझेपीन हें तीन कड्यांचें औषध सिद्ध झालें, व १९८२ सालीं तें सिंटामिल ह्या नांवानें भारतांत विक्रीस आलें. कून ह्यांचें नांव ग्रंथांतरीं गेलें; गोरेगांवचें कोणी घेत नाहीं.

सांगली जिल्ह्याचा कांहीं भाग १९४९ पर्यंत साताऱ्यांतच होता. येरवडा, ठाणें, नागपूर व रत्नागिरी हीं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयें सारीं ह्या मुलुखाबाहेर. त्यामुळें औषधाची राखण बहुधा घरच्यांवरच येते, आणि येथेंच घोटाळा होतो. तोंडास कोरड, गुंगी, बद्धकोष्ठ हा त्रास पहिल्या दिवसापासून. गुण यावयास मात्र दोन ते चार आठवडे. मधल्या काळांत "ह्यानें तर प्रकृति अधिकच बिघडली" म्हणून गोळी बंद होते, किंवा धीर सुटून दुप्पट घेतली जाते. दोन्ही वाईट. मात्रा थोडी सुरू करून सावकाश वाढवावयाची, आणि बरें वाटल्यावरही वैद्याच्या सल्ल्यानेंच हळूहळू उतरवावयाची. काचबिंदु, प्रोस्टेटची वाढ किंवा हृदयविकार असल्यास तें आधीं सांगितलें पाहिजे. वृद्धांस अंथरुणावरून एकदम उठतांना घेरी येऊन मांडीचें हाड मोडण्याचें भय असतें. दारू तर पूर्ण वर्ज्य.

आज ॲमिट्रिप्टिलीन हें ह्याच वर्गांतील औषध मधुमेह्याच्या तळपायाच्या आगीवर आणि अर्धशिशीवरही थोड्या मात्रेंत देतात. म्हणजे मनाचा रोगी नसलेल्या घरांतही तें असतें. दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या एकदम पोटांत गेल्यास हृदयाचा ताल बिघडून मृत्यु येऊं शकतो, आणि मुलास तर मोजक्या गोळ्याही पुरतात. म्हणून खिन्न माणसाच्या उशाशीं महिन्याचा साठा ठेवूं नये. आठवड्यापुरत्या गोळ्या आणाव्या व त्या दुसऱ्या कोणी कुलपांत ठेवाव्या. तरीही अपघात घडलाच, तर मिठाचें पाणी पाजून ओकारी काढीत बसूं नये. पहिल्या घटकेंत रोगी ठीक दिसतो आणि मग अकस्मात् कोसळतो. ह्या विषावर शिरेंतून सोडियम बायकार्बोनेट देतात व हृदयाचा आलेख सतत पाहतात. तें काम मोठ्या रुग्णालयांतच होतें. जातांना गोळ्यांचें रिकामें पाकीट बरोबर न्यावें, म्हणजे किती व कोणतें औषध गेलें तें डॉक्टरांस लगेच कळतें.