मोहाचं फूल, सरकारी कुलूप आणि पपईचं गोदाम

कळसाडीहून बारावीत शिकणाऱ्या एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: "पुस्तकात अल्कोहोलचं अख्खं प्रकरण आहे, पण त्यात मोह कुठंच नाही. असं का?" प्रश्न रसायनाचा वाटतो, पण मला त्याचं उत्तर इतिहासात सापडतं. तर आजचा भाग त्यावरच.

आधी थोडं रसायन. सुकलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. फुलं भिजत घातली की यीस्ट ती साखर खातं आणि इथेनॉल बनतं. आता हे बघा: इथेनॉल आणि प्रोपेन यांचं रेणुवस्तुमान जवळपास सारखं, 46 आणि 44. तरी प्रोपेन उणे 42 अंशांलाच वायू होतो आणि इथेनॉल उकळायला 78 अंश लागतात. फरक त्या ओएच गटाचा. त्याच्यामुळे रेणू हायड्रोजन बंधानं एकमेकांना धरून बसतात, आणि पाण्यातही सहज मिसळतात. पाणी उकळतं 100 ला. मधल्या या 22 अंशांवर भट्टी चालते. मडकं, नळी, थंड पाणी, बास. सातपुड्यातल्या माणसाला हे कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मग आलं सरकार. 1878 चा मुंबई अबकारी कायदा झाला. दारू गाळायची ती ठेकेदाराच्या मोठ्या भट्टीत आणि विकायची ती कर भरून. पण फूल तर जंगलात फुकट पडतंय! म्हणून 1892 मध्ये खास मोहाचाच कायदा केला, फुलं जवळ बाळगण्यावरच बंधन. सुरुवात ठाणे-कुलाब्याकडून झाली. मला इथं खरा राग येतो. कारण मोह म्हणजे नुसती दारू नाही. टंचाईत लोकांनी ही फुलं भाजून, शिजवून खाल्लीत. कायद्याला दिसला फक्त ओएच गट, साखर दिसलीच नाही.

गंमत अशी की पहिल्या महायुद्धात त्याच सरकारला मोह हवासा झाला. तोफगोळ्यांच्या कॉर्डाइटसाठी ॲसिटोन लागायचं, आणि नाशिकला मोहफुलांपासून ते बनवायचा कारखाना काढला गेला. आदिवासीच्या घरात गुन्हा, कारखान्यात देशसेवा!

पण म्हणून हातभट्टी भारी होती, असंही मी म्हणणार नाही. 1970 नंतरच्या शहादा चळवळीत, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या काळात, आदिवासी बायका गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या. मजुरी दारूत जायची आणि मार घरात पडायचा. तो निर्णय त्यांचा होता, अबकारीच्या शिपायाचा नव्हे. हा फरक मला फार मोठा वाटतो. फुलांवरचे निर्बंध मात्र पुढेही राहिले. ते सैल करायचा निर्णय राज्यानं घेतला 2021 मध्ये.

आता अल्कीनकडे येऊ, नाहीतर आपला श्रोता रागवेल. इथेनॉलमधून पाण्याचा एक रेणू काढा: संहत सल्फ्युरिक आम्ल, 170 अंश. ओएच जातो, शेजारच्या कार्बनचा एक हायड्रोजन जातो, दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो. हे झालं इथीन. ते ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग घालवतं, आणि उणे 104 अंशांलाच उकळतं, कारण धरून ठेवायला ओएच उरलेला नाही.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही बरं का. शहाद्याकडं पपई आणि केळी किती पिकते ते तुम्हाला माहीतच आहे. फळं पिकवायच्या बंद खोल्यांमध्ये एक छोटं यंत्र असतं. त्यात द्रव इथेनॉल ओततात, तापलेल्या उत्प्रेरकावरून त्याची वाफ जाते आणि बाहेर येतं इथीन. कायद्यानं परवानगी आहे हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत. कॅल्शियम कार्बाइडवर मात्र बंदी आहे. पाणी काढलेला तोच रेणू इथं फळाला पिवळं करतो, आणि या वेळी त्याला कुणी गुन्हेगार म्हणत नाही.