अस्पृश्यता म्हणजे स्वच्छता नव्हे : जंतूंच्या इतिहासाची साक्ष

कोरोनाच्या काळात एक जुना दावा नव्याने फिरू लागला. आपले पूर्वज सोवळे पाळत, परक्याला शिवत नसत, बाहेरून आले की अंघोळ करत. म्हणजे त्यांना जंतूंचे शास्त्र ठाऊक होते आणि शिवाशिव हा मुळात आरोग्याचा नियम होता, असे सांगणारे संदेश मोबाईलवर येत होते. वस्तीत काम करताना आम्हाला आपलीच शिकलेली मुले आजही विचारतात, "यात थोडे तरी तथ्य असेल का?" या प्रश्नावर चिडून उपयोग नाही. त्याचे उत्तर इतिहासातून द्यायला हवे, कारण हा दावा मान्य केला तर आपल्या पूर्वजांवर लादलेली गुलामगिरी ही 'वैद्यकीय खबरदारी' ठरते.

आधी जंतू माणसाला कधी दिसले ते पाहू. 1670 च्या दशकात हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहूक या कापड दुकानदाराने स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याचा थेंब पाहिला आणि त्यात हलणारे सूक्ष्म जीव त्याला दिसले. पुढे त्याने आपल्याच दातांवरचे कीट खरवडून पाहिले, तर तिथेही तेच. या माणसाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, पंडितांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. तरीही लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याची पत्रे छापली. ज्ञान कोणाच्या तोंडून येते यापेक्षा ते तपासता येते का, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा ठरला.

मात्र हे जीव रोग निर्माण करतात हे सिद्ध व्हायला आणखी दोनशे वर्षे लागली. 1876 मध्ये जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी जनावरांच्या काळपुळी रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, जिवाणू दाखवून दिला. 24 मार्च 1882 रोजी त्यांनी क्षयाचा जिवाणू जाहीर केला. 1883 च्या अखेरीस ते कलकत्त्यात आले आणि 1884 मध्ये कॉलऱ्याचे रुग्ण असलेल्या वस्तीच्या तळ्यात त्यांना कॉलऱ्याचा जिवाणू सापडला. रुग्णाची विष्ठा आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते, तिथून रोग पसरतो. म्हणजे जंतूंचे शास्त्र उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मनुस्मृती त्याच्या कित्येक शतके आधीची आहे. जे शास्त्र जन्मालाच आले नव्हते, त्याच्या आधारे नियम केले होते असे म्हणणे ही शुद्ध बनवाबनवी आहे.

यावर कोणी म्हणेल, "शास्त्र नव्हते, पण अनुभव तर होता ना?" ठीक आहे. मग विटाळ आणि संसर्ग शेजारी ठेवून पाहू. संसर्गाला कारण असते, मार्ग असतो, मुदत असते आणि उपाय असतो. कॉलऱ्याचा रुग्ण बरा होतो, पाणी उकळले की जंतू मरतात, साबणाने हात धुतले की धोका कमी होतो. विटाळाचे काय? अंघोळ केलेला, स्वच्छ कपडे घातलेला, पूर्ण निरोगी अस्पृश्य हा अस्पृश्यच राहत असे, आणि त्याचे नुकते जन्मलेले मूलही. त्याच्या सावलीचासुद्धा विटाळ मानला जाई. सावलीतून पसरणारा जंतू अजून कोणत्याही प्रयोगशाळेत सापडलेला नाही! उलट खरोखर तापाने फणफणलेला सवर्ण माणूस त्याच्या जातीत स्पृश्यच राहत होता. जो नियम रुग्णाला आत घेतो आणि निरोग्याला बाहेर ठेवतो, त्याला आरोग्याचा नियम कसे म्हणायचे?

याचा सर्वांत मोठा पुरावा महाडला आहे. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला आणि महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. तरी प्रत्यक्षात अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते. गुरे-ढोरे त्या तळ्यावर पाणी पीत होती, माणसाला मात्र बंदी होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने ते पाणी प्यायले आणि मागोमाग हजारो लोक प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? तळ्यातून 108 घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातले, मंत्र म्हटले आणि ते परत तळ्यात ओतून तळे 'शुद्ध' झाल्याचे जाहीर केले.

सूक्ष्मदर्शकाखाली या घटनेचा अर्थ काय होतो ते पाहा. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने पवित्र झाले! जनावराच्या शेणात आतड्यातले असंख्य जिवाणू असतात. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणूही त्यात असू शकतात. म्हणूनच बाळाच्या नाळेला शेण लावू नका, असे आरोग्यसेविका सांगत असतात. कॉख यांचे कलकत्त्यातले संशोधन होऊन तेव्हा 43 वर्षे झाली होती. महाडच्या शिकलेल्या मंडळींना हे कळायला काहीच अडचण नव्हती. पण प्रश्न पाण्याच्या स्वच्छतेचा नव्हताच. प्रश्न होता त्या पाण्यावर मालकी कोणाची, हा. न्यायालयातही त्यांनी वहिवाटीचाच हक्क सांगितला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात ते हरले.

आता दुसरी बाजू बघू. जंतू जात पाहत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धेच. जंतू जात पाहत नसला तरी कोणाला जंतूच्या तोंडी द्यायचे, हे जातिव्यवस्था ठरवते. मेलेली गुरे ओढणे, कातडी सोलणे, मैला उचलणे, बाळंतपणे करणे ही सगळी कामे विशिष्ट जातींवर जन्माने लादली गेली. काळपुळीने मेलेल्या जनावराच्या रक्तातून आणि कातडीतून तो रोग माणसाला होतो; त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. गाव निरोगी राहावे म्हणून धोका आपल्या पूर्वजांनी पत्करला आणि 'घाणेरडे' हे विशेषणही त्यांनाच चिकटवले गेले. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, असे बजावले तेव्हा तो आत्मसन्मानाचा आदेश होता. जंतुशास्त्राच्या कसोटीवरही तो शंभर टक्के उतरतो.

रोग नेहमी 'खालच्या' हातांतून येतो, हा समजही इतिहासाने खोटा ठरवला आहे. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाईस यांच्या लक्षात आले की, डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी ज्या विभागात बाळंतपणे करतात तिथे सूतिकाज्वराने स्त्रिया जास्त मरतात आणि सुइणींच्या विभागात कमी. कारण डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीच्या खोलीत येत. त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी बऱ्याच प्रतिष्ठित डॉक्टरांनी त्यांची टर उडवली. आपले विद्वान हात मृत्यू वाहून नेतात, हे त्यांना सोसवेना. प्रतिष्ठा आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे युरोपलाही कष्टाने शिकावे लागले.

आपल्याकडे हा धडा सावित्रीमाईंनी कृतीतून दिला. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि पुढे पुण्यात पसरला. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईत तेव्हा जातीजातींची वेगळी प्लेग रुग्णालये निघत होती. म्हणजे मृत्यू दारात असतानाही विटाळ सुटला नव्हता. अशा वेळी सावित्रीमाई पुण्याजवळ डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात जात न विचारता रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातून त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. संसर्गाचा धोका खरा होता, तरी त्यांनी माणूस सोडला नाही. विटाळ मानणाऱ्यांनी धोका नसतानाही माणूस सोडला होता. दोन विचारसरणींतला फरक याहून स्पष्ट कसा सांगायचा?

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावी. बहुतेक सूक्ष्मजीव शत्रू नसतात. दुधाचे दही तेच करतात. तूर, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. आपल्या शरीरात पेशींची जेवढी संख्या आहे, साधारण तेवढेच जिवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक आतड्यात असतात. पुजाऱ्याच्या पोटात असतात, तसेच झाडूवाल्याच्या पोटात. जन्माने 'शुद्ध' असे शरीर या पृथ्वीवर नाही.

मग हा इतिहास आज कशासाठी सांगायचा? कारण तीच व्यवस्था आजही माणसे मारते. सेप्टिक टँकमध्ये हवा नसते. तिथले जिवाणू मैला कुजवताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, काही क्षणांत शुद्ध हरपते, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. याला वर्तमानपत्रे 'दुर्घटना' म्हणतात. यात अचानक काय आहे? हे रसायन शाळेच्या पुस्तकात आहे. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध 1993 आणि 2013 असे दोन कायदे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख रुपये भरपाई सांगितली. तरीही त्या टाकीत कोणत्या जातीची माणसे उतरतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा मित्रांनो, 'सोवळे म्हणजे विज्ञान' असा संदेश आला की तो नुसता पुसून टाकू नका. पाठवणाऱ्याला महाडच्या 108 घागरींचा हिशेब विचारा. आणि आपल्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची तपासणी, मुलांचे लसीकरण, क्षयाच्या रुग्णाचा पूर्ण औषधोपचार आणि यंत्राने गटारसफाई या मागण्या घेऊन नगरपालिकेच्या दारात उभे राहा. भगवान बुद्धांनी अतिसाराने आजारी पडलेल्या, सर्वांनी टाकून दिलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतःच्या हाताने धुतले होते. विटाळाला आपले उत्तर अडीच हजार वर्षांपासून तेच आहे : हात धुवावेत, पण माणसापासून हात झटकू नयेत.

जय भीम!