‘रेस्ट अशुअर्ड’मधला ‘रेस्ट’

इंग्रजी पत्रात समोरच्याला दिलासा देताना ‘रेस्ट अशुअर्ड’ लिहिण्याची रीत जुनी आहे. यातल्या ‘रेस्ट’चा आरामाशी संबंध नाही. इंग्रजीत एकाच रूपाची दोन क्रियापदे आहेत आणि त्यांची कुळे निराळी. विसावा घेणे या अर्थाचे ‘रेस्ट’ इंग्रजीचे मूळचेच, जर्मन ‘रास्टेन’चे भाऊबंद. दुसरे लॅटिन ‘रेस्तारे’पासून, म्हणजे मागे थांबणे, उरणे यापासून निघाले आणि जुन्या फ्रेंचमधून पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले. त्याचा अर्थ ‘राहणे’. ‘बाकीचे’ या अर्थाचे ‘द रेस्ट’ त्याच घरातले.

‘अशुअर्ड’ची वाटही लॅटिनपर्यंत जाते. तिथे ‘सेक्युरस’ हा शब्द आहे: ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. ‘निश्चिंत’ची घडण नेमकी अशीच आहे. त्यामुळे ‘निश्चिंत राहा’ हे या प्रयोगाचे शब्दाला शब्द मराठी रूप ठरते, आणि मराठी माणसाला तो समजून घ्यायला याहून चांगली किल्ली मिळणार नाही. मराठेशाहीतल्या अभय देणाऱ्या कौलपत्रांत याच कामी ‘खातरजमा’ येई. ‘खातर’ म्हणजे मन, ‘जमा’ म्हणजे गोळा झालेले. भीतीने पांगलेले मन ठिकाणावर आणणारा तो शब्द.

1623 मध्ये छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’ नाटकात ‘रेस्ट अशुअर्ड’ हा प्रयोग भेटतो तो ‘रेस्टिंग’ या रूपात, मध्ये ‘वेल’ घालून. म्हणजे तेव्हा ‘रेस्ट’ हे चालते-बोलते क्रियापद होते, हवे तसे वळवता येई. पुढे ‘राहणे’ हे काम ‘रिमेन’ने उचलले. पत्राच्या शेवटी सहीच्या वर ‘आय रिमेन’ लिहिण्याचा प्रघात त्यातलाच. ‘रेस्ट’ मात्र मोजक्या ठरीव प्रयोगांत अडकून पडला.

आजची चूक इथूनच उगवते. ‘रेस्ट’ हेच क्रियापद आहे हे लिहिणाऱ्याला जाणवत नाही, वाक्य अपुरे वाटते, आणि तो ‘बी’ जोडतो: ‘प्लीज बी रेस्ट अशुअर्ड’. भारतातल्या आणि नायजेरियातल्या कार्यालयीन पत्रांत हे वाक्य सर्रास दिसते. मराठीत त्याचे रूप ‘निश्चिंत राहा व्हा’ असे होईल, आणि ते कोणीही लिहिणार नाही.

शुद्ध रूपे दोन. आज्ञार्थी ‘रेस्ट अशुअर्ड दॅट’, किंवा ‘मे’, ‘कॅन’ यांच्यासोबत ‘यू मे रेस्ट अशुअर्ड दॅट’. ‘अशुअर्ड’मधला शेवटचा ‘ड’ गाळून चालत नाही, कारण खात्री दिली गेलेली आहे. ‘एन्शुअर्ड’ही इथे बसत नाही: ‘अशुअर’ माणसाला करतात, ‘एन्शुअर’ गोष्टीला. ‘बी अशुअर्ड’ हा स्वतंत्र प्रयोगही बिनचूक आहे. तेव्हा ‘बी’ लिहायचे असेल तर ‘रेस्ट’ खोडावा, आणि ‘रेस्ट’ ठेवायचा असेल तर ‘बी’.