उतरणीचा लगाम

वेग मिळविण्यासाठीं मनुष्यानें केलेल्या खटपटीची कथा मोठ्या कौतुकानें सांगितली जाते. परंतु मिळविलेला वेग आवरण्यासाठीं त्याला किती झटावें लागलें, तें सांगण्याचा प्रसंग क्वचित् येतो. घोडा कितीहि उमदा असला तरी लगामावांचून त्याची किंमत नाहीं, हें प्रत्येक स्वार जाणतो. सायकलीवर बसून डोंगर उतरण्याचें धाडस मनुष्यानें आधीं केलें, आणि थांबण्याची विद्या त्याला मागाहून शिकावी लागली. ती विद्या म्हणजे आजच्या डोंगरी सायकलीवरील द्रवदाबाचा डिस्क ब्रेक होय.

या कथेचा आरंभ अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस टॅमलपायस नांवाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरांत, फेअरफॅक्स या गांवाजवळ, वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठीं काढलेला एक मातीचा रस्ता आहे. सुमारें दोन मैलांच्या अंतरांत तो १३०० फूट खालीं उतरतो. १९७० नंतरच्या वर्षांत कांहीं तरुणांनीं जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली मिळवून या रस्त्यानें भरधांव उतरण्याचा छंद घेतला, आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं तेथें पहिली शर्यत झाली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ हीं नांवें याच मंडळींतील.

त्या जुन्या सायकलींना पायडल उलटें दाबलें म्हणजे लागणारा ब्रेक असे, आणि तो मागच्या चाकाच्या तुंब्यांत बसविलेला असे. सपाट रस्त्यावर तो पुरेसा होता. उतरणीवर मात्र त्याची दशा कठीण होई. स्वार व सायकल यांचें वजन मिळून ८५ किलो धरलें, तर १३०० फूट, म्हणजे सुमारें ४०० मीटर खालीं येतांना ३३० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी उकळीस आणण्यास साधारण एवढीच उष्णता लागते. तिचा कांहीं भाग वाऱ्याच्या व वाटेच्या विरोधांत खर्च होतो. उरलेली सारी ब्रेकला गिळावी लागते. येथें ती मुठीएवढ्या तुंब्यांत कोंडली जाई. आंतील ग्रीस जळे, धूर निघे, आणि पायथ्याशीं पोंचल्यावर तुंबा उघडून नवें ग्रीस भरल्यावांचून गत्यंतर नसे. इंग्रजींत या पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात. त्यावरून त्या शर्यतीचें व त्या रस्त्याचेंहि नांव 'रिपॅक' असें पडलें. डोंगरी सायकलीच्या जन्मस्थानाला ब्रेकच्या निगराणीचें नांव मिळावें, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

त्या मंडळींनीं उपाय शोधले. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें डोंगरासाठीं मुद्दाम नवी सायकल बांधली. तिला चाकाची कड दोन्ही बाजूंनीं दाबणारे ब्रेक बसविले. चाकाची कड मोठी व उघडी असल्यामुळें ती लवकर थंड होते. परंतु नेमकी तीच चिखलांत व पाण्यांत माखते, दगडावर आपटून वांकते, आणि मग ब्रेक घसरतो किंवा अडखळतो. १९९६ सालीं जपानांतील शिमानो कंपनीनें व्ही-ब्रेक काढला. त्यानें जोर पुष्कळ वाढला, तथापि चिखलाची अडचण कायमच राहिली.

खरा उपाय सायकलीच्या बाहेर केव्हांच सिद्ध झालेला होता. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब त्यांत सर्वत्र सारखाच पोंचतो, हा सिद्धांत फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कल यानें मांडला. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें याच तत्त्वावर दाबयंत्राचें पेटंट घेतलें. १९०२ सालीं लँचेस्टर यानें मोटारीच्या चाकाबरोबर फिरणारी तबकडी चिमटींत धरून गाडी थांबविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. १९२१ सालीं ड्यूझेनबर्ग मोटारीच्या चारहि चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले. आणि १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जग्वार गाडीनें जिंकली, तेव्हां या ब्रेकविषयीं शंका उरली नाहीं. सायकलीपर्यंत ही विद्या पोंचण्यास मात्र आणखी चार दशकें लागलीं. १९९० नंतर इंग्लंडांतील होप, जर्मनींतील मागुरा, अमेरिकेंतील हेज इत्यादि कारखान्यांनीं ती डोंगरी सायकलीवर आणिली. पुढें २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघानें सडकेवरील शर्यतींतहि डिस्क ब्रेकला पूर्ण मुभा दिली.

त्याची रचना साधी आहे. मुठीजवळचा दांडा ओढला कीं एक लहान दट्ट्या तेल ढकलतो. तें तेल बारीक नळींतून चाकाजवळच्या मोठ्या दट्ट्यांना रेटतें, आणि त्यांच्यापुढील दोन पॅड पोलादी तबकडीला दोहों बाजूंनीं धरतात. दांडा सोडला म्हणजे दट्ट्याभोंवतीं ताणलेली रबरी कडी पूर्ववत् होते व दट्ट्याला किंचित् मागें घेते. पॅड झिजत जाईल तसतसा दट्ट्या आपोआप पुढें सरकतो.

एवढ्यानें निगराणीचें काम संपलें, असा समज होण्याचा संभव आहे. आणि धोका तेथेंच आहे. तेल दाबलें जात नाहीं, पण हवा दाबली जाते. नळींत बुडबुडे शिरले कीं दांडा स्पंजासारखा मऊ लागतो व मुठीपर्यंत येऊन टेकतो. अशा वेळीं नवें तेल भरून हवा बाहेर काढावी लागते. बुडबुडे स्वभावतः वर चढतात, म्हणून तेल बहुधा खालून वर ढकलतात. तेलाच्याहि दोन जाती आहेत. शिमानो व मागुरा खनिज तेल वापरतात. होप व हेज मोटारींतील डॉट जातीचा द्रव वापरतात. एकाच्या जागीं दुसरें घातल्यास रबरी कड्या बिघडतात. डॉट द्रव हवेंतील ओल शोषून घेतो. डॉट ४ हा नवा असतांना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओल शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊं शकते. लांब उतरणीवर द्रव उकळला कीं नळींत वाफ होते, आणि वाफहि हवेसारखीच दाबली जाते. म्हणून तो ठराविक मुदतीनें, पुष्कळदां वर्षाकांठीं, बदलावा लागतो.

इतर पथ्यें अवघड नाहींत. तबकडीवर साखळीच्या तेलाचा एक थेंबहि पडूं देऊं नये. पडल्यास ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावी. चाक काढलेलें असतां दांडा दाबूं नये, नाहीं तर दट्ट्ये प्रमाणाबाहेर पुढें येतात. नवे पॅड बसविल्यावर वीस-तीस वेळां वेग घेऊन, पूर्ण न थांबतां, हळूहळू ब्रेक लावावा. त्यानें पॅडचा पातळ थर तबकडीवर सारखा बसतो व पकड येते. अधिक जोर हवा असेल तर १६० मिलिमीटरांच्या तबकडीऐवजीं १८० ची घ्यावी. तेवढ्यानेंच थांबविण्याची शक्ति सुमारें एक अष्टमांशानें वाढते, आणि उष्णताहि अधिक पृष्ठभागांतून बाहेर पडते. मात्र सायकलीचा सांगाडा व पुढचा काटा यांना ती चालते कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

रिपॅकच्या रस्त्यावरील ब्रेक धूर सोडून आपली तक्रार जाहीरपणें सांगे; त्यामुळें प्रत्येक फेरीनंतर ग्रीस भरण्याचा विसर पडणें शक्यच नव्हतें. आजचा ब्रेक महिनोन् महिने कांहीं बोलत नाहीं. ओल त्याच्या तेलांत गुपचूप शिरते, पॅड गुपचूप झिजतात, आणि एखाद्या दीर्घ उतरणीवर त्याची पहिली तक्रार ऐकूं येते तेव्हां स्वाराच्या हातीं फारसा वेळ उरलेला नसतो. सुधारलेल्या यंत्रानें माणसाचे श्रम वांचविले, परंतु जबाबदारी काढून घेतली नाहीं. पूर्वी ती धुराबरोबर डोळ्यांपुढें येत असे, आतां ती आठवणीनें पाळावी लागते, एवढाच काय तो फरक.