कडेची रोपे

आणेवारी हा शब्द आपल्या भागातील जुन्या घरांतून अजूनही ऐकू येतो. सोळा आणे पीक म्हणजे चांगल्या सालाचे भरघोस पीक. त्या मानाने यंदा किती आणे, हे गावकामगार शिवारावर नजर टाकून ठरवीत आणि वर कळवीत. मुंबई इलाख्यात साऱ्याची सूट-तहकुबी या आकड्यावर अवलंबून असे, म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीला तो पंचांगातील तिथीइतकाच महत्त्वाचा वाटे. धान्याचे एकूण उत्पन्न काढण्याची सरकारी रीतही तीच होती. पेरणीचे क्षेत्र, एकरी सरासरी मानलेला उतारा आणि आणेवारी, या तिहींचा गुणाकार करायचा. यांपैकी क्षेत्र तेवढे मोजणीतून आलेले, बाकीचे दोन आकडे नजरेतून आणि वहिवाटीतून. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आले, १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली, आणि देशात धान्य नेमके किती पिकते हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, ही गोष्ट उघडी पडली.

त्या काळात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून एक मराठी गृहस्थ काम करीत होते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांचे नाव. जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. संख्याशास्त्राची ती त्या वेळची काशी होती. नेमन आणि ईगन पिअर्सन यांच्या सहवासात त्यांनी नमुना पाहणीचे शास्त्र आत्मसात केले. १९३५ साली, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांचा या विषयावरील शोधलेख रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या पुरवणीत प्रसिद्ध झाला. खटाव तालुक्यातील मुलाच्या दृष्टीने ही मजल लहान नव्हती. पुढे १९५१ ते १९७० ते रोम येथे जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते, निवृत्तीनंतर पुण्याला परतले, आणि १९९७ साली निवर्तले. पण आम्हांस या लेखात त्यांच्या आयुष्यातील एकाच वादाविषयी सांगायचे आहे, कारण त्या वादाशी आमचे पोटापाण्याचे नाते आहे.

आणेवारीऐवजी प्रत्यक्ष कापणी करून उतारा काढावा, हे एव्हाना सर्वमान्य होत आले होते. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे शेते निवडायची, त्यांत एक छोटा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, तोलायचे. प्रश्न उरला तो तुकडा किती मोठा असावा याचा. कलकत्त्याचे प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस लहान वर्तुळाकार तुकडे घेत. तुकडा लहान असला म्हणजे श्रम कमी, आणि तेवढ्याच खर्चात अधिक ठिकाणी कापणी करता येते, असा त्यांचा हिशेब. सुखात्मे यांनी ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, एवढा तुकडा धरला होता. त्यांनी संयुक्त प्रांतातील मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांवर निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून पाहिले. तुकडा जसजसा लहान, तसतसा एकरी उतारा फुगलेला, असे त्यांना आढळले.

कारण साधे आहे. दोरी ताणली की काही रोपे बरोबर दोरीवर येतात. ती आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात स्वभावतः ती आत घेतो. भरलेले कणीस सोडवत नाही, हे कोणताही शेतकरी सांगेल. मोठ्या तुकड्यात या कडेच्या रोपांनी फारसे बिघडत नाही, लहानात बिघडते. हिशेब करून पाहावा. सुखात्मे यांच्या तुकड्याचे क्षेत्र साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास आणि कड ९९ फूट, म्हणजे दर शंभर चौरस फुटांमागे कड सुमारे १८ फूट. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर शंभर चौरस फुटांमागे ती पुरी १०० फूट पडते. आपण सीमेवरची माणसे. कडेवर असलेल्याला कोण कुठे मोजतो यावर किती अवलंबून असते, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

सुखात्मे यांनी हा निष्कर्ष १९४६ साली ‘नेचर’मध्ये टिपणरूपाने आणि १९४७ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात विस्ताराने मांडला. महालनोबीस गप्प बसणारे नव्हतेच. दोष तुकड्याचा नसून कापणाऱ्याच्या शिक्षणाचा आहे, असे त्यांचे म्हणणे. ते आपली स्वतंत्र, पगारी, शिकवून तयार केलेली माणसे नेमीत. सुखात्मे यांचा भर महसूल खात्याच्या गावोगाव असलेल्या नोकरवर्गावर होता, कारण एवढ्या मोठ्या देशात ते काम दुसरे कोण करणार? अखेर प्रांतोप्रांती रुजली ती सुखात्मे यांची पद्धत. आम्ही आयुष्यभर तिच्यावरच नोकरी केली, म्हणून आमचा कल त्यांच्याकडे असणे स्वाभाविक. पण महालनोबीस यांची एक शंका आम्हांस मागाहून, फार उशिरा, खरी वाटू लागली. मुख्य काम सोडून वरकड म्हणून हे काम करणारा माणूस ते कितपत जिवावर घेईल, ही ती शंका.

आम्ही पदवीधर झालो आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या सुरुवातीला राज्य शासनाच्या सेवेत लागलो. तेव्हाच्या चिकोडी तालुक्यात, निपाणीच्या आसपासच्या गावांत, शाळू आणि भुईमुगाचे कापणी प्रयोग आमच्याकडे असत. दशमान पद्धत येऊन तुकडा पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद झाला होता. सर्व्हे नंबर यादृच्छिक अंकांच्या कोष्टकातून निवडायचा, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, नेमून दिलेली पावले लांबीने व रुंदीने मोजायची, तेथे खुंटी ठोकायची. तंबाखूच्या मळ्यांतून वाट काढीत शाळूचे रान शोधावे लागे. कागद कन्नडमध्ये भरायचे आणि शेतकऱ्याशी बोलायचे मराठीत, हे तर नित्याचेच.

एक छंद मात्र आम्ही आपणहून लावून घेतला होता. कापणीपूर्वी बांधावर उभ्या असलेल्या एखाद्या जाणत्या वृद्धाला आम्ही विचारीत, ‘‘आबा, एकरी किती पोती उतरंल?’’ ते सांगतील तो आकडा वहीत टिपायचा आणि संध्याकाळी काट्यावरचा आकडा त्याच्या शेजारी. अशा वह्या पुष्कळ साठल्या. सेवानिवृत्तीनंतर बेळगावच्या घरात माळ्यावरून त्या खाली काढल्या तेव्हा वाटले, नजरेचा अंदाज आणि तराजू यांचा मेळ किती बसतो, हे यातून सांगता येईल. हा केवळ म्हातारपणचा विरंगुळा नव्हता. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाई कापणी प्रयोगांतून निघालेल्या सरासरी उताऱ्यावर ठरते. उतारा फुगला तर शेतकऱ्याचा हक्क तेवढ्याने बुडतो. जाणत्यांचा अंदाज भरवशाचा ठरला, तर मोजक्या कापण्यांना त्याची जोड देता येईल, असा आमचा मुद्दा होता.

संख्याशास्त्राच्या नियतकालिकाकडे लेख पाठवायचा म्हणजे काय, याची आम्हांस सेवेत असताना कल्पना नव्हती. शासकीय अहवालात आकडा खाली सही असली की सिद्ध होतो. येथे तसे नाही. सारांश दहा-बारा ओळींत बसवायचा. आकडे कोठून आले, शेते कशी निवडली, कोणत्या सूत्राने काय काढले, प्रत्येक अंदाजाची प्रमाण त्रुटी किती, हे क्रमाने सांगायचे. कोष्टकाच्या प्रत्येक स्तंभावर एकक हवे. आमच्या वह्यांत कोठे पोती, कोठे किलो, त्यांतही पोते सगळीकडे सारख्या वजनाचे नाही. सूत्रांची जुळणी लाटेक नावाच्या संगणकीय पद्धतीने करावी लागते. ती आमच्या भाच्याने करून दिली, आम्ही शेजारी बसून त्याच्या चुका आणि तो आमच्या चुका काढीत राहिला. अलीकडे बरीच नियतकालिके मूळ आकडे आणि गणिताची आज्ञावलीही मागतात, म्हणजे दुसऱ्याने तोच हिशेब पुन्हा करून पाहावा. हे आम्हांस प्रथम अविश्वासाचे वाटले होते.

नंतर लेख परीक्षकांकडे जातो. या परीक्षकांविषयी लेखकवर्गात नाराजीच अधिक, पण ते नसले म्हणजे काय होते याचे एक उदाहरण आपल्याच घरातले आहे. गोव्याच्या कोसंबी घराण्यातील दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन नाण्यांच्या वजनांवर संख्याशास्त्र लावून जे लिहिले, त्याला आजही मान आहे. त्यांनीच १९५९ साली रीमान यांच्या सुप्रसिद्ध गृहीतकाकडे नेणारी म्हणून एक सिद्धता भारतीय कृषी संख्याशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात छापली. ज्या परिषदेच्या उभारणीत सुखात्मे होते, तीच ही. शेतीच्या आकड्यांचे ते पत्र. शुद्ध गणितातील असा दावा पारखणारे तज्ज्ञ तेथे असणे कठीण. गणितज्ञांनी तो मानला नाही आणि कोसंबींच्या लौकिकाला त्याने जो धक्का बसला तो अखेरपर्यंत भरून निघाला नाही. १९६२ नंतर टाटा संशोधन संस्थेशी त्यांचा करारही पुढे चालला नाही. त्यामागे इतरही कारणे होती. एखादा कठोर परीक्षक आधीच भेटता तर, असे मनात येतेच. असो.

आमचा लेख काही महिन्यांनी परत आला. नाकारलेला नव्हता, दुरुस्त करून पाठवा असे कळवले होते. एका परीक्षकाने भाषेच्या आणि सूत्रांच्या चुका दाखवल्या होत्या. दुसऱ्याने दोनच प्रश्न विचारले होते. वृद्धांचा अंदाज तराजूपूर्वी लिहिला होता, याला आधार काय? आणि कोष्टकातून निवडलेली किती शेते प्रत्यक्षात कापली गेली नाहीत, व त्यांच्या जागी कोणती घेतली?

पहिल्या प्रश्नाने आम्हांस राग आला. दुसऱ्याने तो उतरला. आम्ही वह्या पुन्हा उघडल्या. कित्येक पानांवर अंदाज आणि वजन एकाच शाईत, एकाच ओघात लिहिलेले होते. संध्याकाळी एकदमच टिपले असणार, आणि तोवर आबांनीही काटा पाहिलेला. ती पाने गाळावी लागली. दुसरी गोष्ट त्याहून अवघड. सीमेलगतच्या गावांत शेत कर्नाटकात आणि मालक कागल बाजूच्या गावात राहणारा, असे पुष्कळदा असे. निवडलेले शेत अशा मालकाचे निघाले की निरोप जायचा, माणूस यायचा नाही, आणि कापणी पुढे ढकलणे आम्हांस परवडत नसे. नियम असा की पुढच्या क्रमांकाचे शेत घ्यावे. आम्ही मात्र कधीकधी रस्त्याकडेचे, मालक हजर असलेले, विहिरीखालचे शेत घेत होतो आणि कागदावर क्रमांक मूळचाच राहू देत होतो. किती वेळा, ते वहीत नाही. दोरी आम्ही कसोशीने ताणीत होतो, दोरीवरचे रोप निम्म्याहून अधिक आत असेल तरच धरीत होतो, आणि आख्खी शेतेच कडेची म्हणून बाहेर टाकीत होतो.

क्रमांकांची यादी घेऊन आम्ही गेल्या पावसाळ्यानंतर त्यांपैकी एका गावी गेलो. काही राने महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेली, काहींवर ऊस. एका बांधावर आमच्याच वयाचे एक शेतकरी भेटले. त्यांचे वडील त्या काळी पलीकडे राहत. आम्ही साल सांगितले, सर्व्हे नंबर सांगितला.

‘‘त्या सालाला आमचं रान कुठं कापलं, सायेब?’’ ते म्हणाले. ‘‘आमच्यात शाळू वाळून गेला हुता. तुम्ही वरच्या मळ्यात गेलासा.’’

वहीत त्या क्रमांकापुढे भरघोस उतारा लिहिलेला आहे. दुरुस्त हस्तलिखितात आम्ही ‘निवडलेली परंतु न कापलेली शेते’ असा एक स्तंभ वाढवला आहे. ज्यांची आठवण गावाने दिली ती त्यात घातली. बाकीच्यांविषयी संख्या सांगता येत नाही, असे खाली लिहिले. लेख मूळच्या निम्म्यावर आला आणि मेळ पूर्वीइतका सुरेख बसत नाही. मागील महिन्यात तो पाठवून दिला.