बाळंतीण, रातपाळी आणि पाळणाघर : सालवड परिसरातील एका स्थित्यंतराचा विचार

घरात मूल जन्मास आले म्हणजे आईबापांच्या दिनक्रमात जो पालट होतो, त्याची नोंद इतिहासाच्या रूढ साधनांत क्वचितच आढळते. कायदेकानून आणि कारखान्यांचे अहवाल त्यास ओझरता स्पर्श करतात. त्याचा खरा साठा भाषेत असतो. तारापूर औद्योगिक क्षेत्रास लागून असलेल्या सालवड गावाच्या परिसरात हा पालट कसकसा होत गेला, हे शब्दांच्या आधारे पाहावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मराठीतील बाळंतपणाची परिभाषा ही मुख्यतः कालगणनेची परिभाषा आहे. पाचव्या दिवशी पाचवी. सहाव्या रात्री सटवी, जिचे नाव ‘षष्ठी’ या शब्दाचेच रूप होय. दहा दिवसांचे सोहेर. बाराव्या दिवशी बारसे. आणि बाळंतिणीस सव्वा महिन्याची विश्रांती. शेकशेगडी, धुरी, टाळू भरणे, पायांवर घेऊन न्हाऊ घालणे ही कामे या चौकटीत बसविलेली असत. गुटीचे मापसुद्धा वजनाने सांगत नसत. मुरडशेंगेचा सहाणेवर एक वेढा की दोन, असा हिशेब असे. हे सारे ज्ञान आई, आजी व सुईण यांच्या हाती होते, आणि पहिल्या खेपेस त्याचे स्थान माहेर हे होते. ‘माहेर’ शब्दाचे मूळ ‘मातृगृह’ असे मानले जाते, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

या परिभाषेत बापाचे स्थान कोणते? प्रसूत झालेल्या स्त्रीस ‘बाळंतीण’ हा स्वतंत्र शब्द आहे. तिच्या नवऱ्याची त्या काळातील अवस्था दर्शविणारा तसा शब्द नाही. सोहेर त्यासही लागे व देवपूजा वर्ज्य होई. म्हणजे त्याच्या वाट्यास निषेध होता, काम नव्हते.

अर्थात ही चौकट सर्वांस सारखीच लाभत होती, असे समजण्याचे कारण नाही. हातावर पोट असलेल्या शेतमजूर स्त्रीची विश्रांती पोटाच्या गरजेने तुटत असे. मुंबईच्या गिरण्यांत हाच प्रश्न उघड्यावर आला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांचा लाभ ठरविला आणि प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीस कामावर ठेवण्यास बंदी केली. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. सव्वा महिन्याहून ही मुदत किंचित अधिकच भरते. रूढीने जे सांगितले होते, तेच कायद्याने निराळ्या एककात मांडले, असे म्हणावयास हरकत नाही.

सालवडच्या परिसरात हे निराळे एकक कारखान्यांबरोबर आले. तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ च्या ऑक्टोबरात व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र उभे राहिले. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले; खानदेश-मराठवाड्यापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतचे कामगार भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. भातशेती व मासेमारी यांच्या ऋतुमानावर चाललेल्या मुलखात ‘पाळी’ हे दिवस मोजण्याचे माप झाले.

येथे एका कायद्याचा अनपेक्षित परिणाम लक्षात घेतला पाहिजे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना सायंकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करण्यास मनाई केली होती. महाराष्ट्राने ती २०१५ साली शिथिल केली. तोपर्यंत कारखान्यातील रातपाळी ही पुरुषाचीच राहिली. तान्हे मूल रात्री जागते, त्या वेळी बाप कारखान्यात असतो. तो सकाळी येऊन निजू पाहतो, तेव्हा त्याच एका खोलीत मुलाचे रडणे, लंगोट वाळविणे व स्वयंपाक चालू असतो. माहेर शेकडो मैल दूर, सासू गावी. ज्या रात्री पूर्वी चार बायका वाटून घेत, त्या एकटीने काढाव्या लागतात. परंतु याच व्यवस्थेने बापास दिवसा घरी आणले. दोन प्रहरी मूल खांद्यावर घेऊन दारात फेऱ्या घालणारा, डॉक्टरकडे लस टोचावयास नेणारा बाप हे दृश्य या वस्त्यांत अपूर्व राहिलेले नाही. त्यामागे मतपरिवर्तन किती व पाळीचे वेळापत्रक किती, हा विचारणीय प्रश्न आहे.

यातच ‘पाळणाघर’ हा शब्द रुळला. पाळणा घरात टांगावयाचा, ही जुनी कल्पना. पाळण्यासाठीच निराळे घर, ही नवी. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी लाभाची मुदत सव्वीस आठवड्यांवर नेली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या. तथापि लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेले असावे लागते. ठेकेदार बदलत राहिला म्हणजे एवढे दिवस सिद्ध करणे स्त्रीस अवघड जाते. शेतमजूर स्त्रीची जुनी अडचण नव्या वेषात टिकून आहे ती अशी. बापाचे पाहू गेल्यास, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली. खाजगी कारखान्यातील कामगारासाठी १९६१ च्या कायद्यात अशी तरतूद नव्हती आणि २०२० च्या संहितेतही ती आलेली नाही.

यावरून एवढा निष्कर्ष काढता येतो की, नवजात मुलाभोवतीचा काळ प्रथम तिथीने, मग आठवड्याने व पाळीने मोजला गेला. परंतु प्रत्येक मापात मोजणी झाली ती आईच्याच दिवसांची. सालवडच्या खोलीत रातपाळी करून आलेला बाप मूल सांभाळतो आहे. त्याच्या या कामास भाषेत नाव नाही आणि कायद्यात दिवस नाहीत. ज्याला नाव नाही ते मागता येत नाही, हा व्यवहारातला अनुभव आहे. या वस्त्यांतील बोलींचा संग्रह करणाऱ्या अभ्यासकांनी ‘बाळंतविडा’ व ‘कुंची’ यांच्याबरोबर या नव्या व्यवहाराचे शब्दही टिपून ठेवावेत. पुढील इतिहासकारास तेच साधन होईल.