किल्लारी भूकंप, आपदग्रस्त बालके आणि शिक्षक-प्रशिक्षण : लातूर-नांदेड परिसराचा ऐतिहासिक आढावा (१९९३ ते २०२४)

प्रास्ताविक

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमाभागाला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून उशिरा परतलेली कुटुंबे गाढ झोपेत असताना दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीने लादलेली माळवदे त्यांच्यावर कोसळली. किल्लारी, सास्तूर आदी गावे जवळजवळ नामशेष झाली, सुमारे आठ हजार माणसे दगावली आणि पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले.

या भूकंपावर विपुल लेखन झाले आहे. भूगर्भशास्त्र, घरबांधणी, शासकीय मदतकार्य, स्वयंसेवी संस्थांचा सहभाग, स्त्रियांचे बचत गट अशा अनेक अंगांनी अभ्यासकांनी त्याचा परामर्श घेतला आहे. शाळेचा उल्लेख या लेखनात येतो, परंतु तो बहुधा पडलेली अथवा नव्याने बांधलेली इमारत म्हणून येतो. धक्का पहाटे बसला म्हणून शाळा रिकाम्या होत्या, हे सुदैवच म्हणावे लागेल. मात्र काही आठवड्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा पुन्हा भरली, तेव्हा आई, बाप वा भावंड गमावलेले मूल आणि त्याच्यासमोर उभा असलेला शिक्षक या दोघांमध्ये काय घडावे, याची तयारी त्या शिक्षकाला कोणी दिली होती काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने लातूर व नांदेड परिसरातील गेल्या तीन दशकांच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील प्राथमिक शिक्षणाचा पाया उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेने उशिरा घातला गेला. निजामी राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा होती. खेड्यापाड्यांत मराठी शाळा विरळ होत्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळांचे व्यवस्थापन त्यांच्याकडे आले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत शाळांची संख्या वेगाने वाढली. तिच्याबरोबर शिक्षकांची भरतीही वाढली. संख्येचा अनुशेष भरून काढणे हेच त्या काळातील मुख्य कार्य होते आणि ते कमी महत्त्वाचे नव्हते.

दुर्बल घटकांतील बालकाला केंद्रस्थानी ठेवून शिक्षक घडविण्याची एक समृद्ध परंपरा मराठीत त्यापूर्वीच निर्माण झाली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात, कुरणात जावे, हा त्यांचा विचार होता. त्यासाठी शिक्षिकेने प्रथम मुलाचे घर, त्याची भाषा, त्याची भूक समजून घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. ठाणे जिल्ह्यातील हे प्रयोग सुरू झाले, तेव्हा मराठवाडा वेगळ्या राजवटीत होता. पुढेही ही परंपरा पूर्वप्राथमिक शिक्षणापुरती व काही संस्थांपुरती मर्यादित राहिली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या वाट्याला आले ते डी.एड.चे शैक्षणिक मानसशास्त्र. त्यात अध्ययनाच्या उपपत्ती होत्या, व्यक्तिभेद होते, बुद्धिमापन होते. शोक हा विषय नव्हता.

भूकंपानंतरचे वर्ष : मूल कोणाच्या हाती?

भूकंपानंतर आपदग्रस्त बालकांसाठी जे प्रयत्न झाले, त्यांतील सर्वांत ठळक प्रयत्न निवासी स्वरूपाचे होते. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी कायमस्वरूपी शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केले. लातूर येथे एस.ओ.एस. बालग्राम स्थापन झाले. या तिन्ही ठिकाणी मुलांना निवारा, अन्न, शाळा आणि सततचा सहवास मिळाला. या कार्याचे मोल कोणत्याही तर्काने कमी ठरत नाही.

तथापि इतिहासाच्या दृष्टीने त्यातील एक बाब लक्षणीय आहे. या सर्व उपक्रमांत मुलाला आधार देणारी प्रौढ व्यक्ती शाळेबाहेरची होती. कोठे ती वसतिगृहाची अधीक्षक होती, कोठे बालग्रामातील आई, कोठे कार्यकर्ता. गावात मागे राहिलेल्या मुलांची संख्या निवासी संस्थांत गेलेल्या मुलांहून कितीतरी मोठी होती. त्यांच्यासाठी रोज भेटणारी, घराबाहेरची, वेतनावर असलेली आणि बदली होईपर्यंत तरी न जाणारी व्यक्ती एकच होती. ती म्हणजे जिल्हा परिषदेचा शिक्षक.

हा शिक्षकही बहुधा आपदग्रस्तच होता. ज्याचे बिऱ्हाड गावात होते, त्याच्या डोक्यावर तेच माळवद होते. जो तालुक्याहून ये-जा करीत होता, त्याच्या हजेरीपटावरील नावे एका रात्रीत कमी झाली होती. पट नव्याने मांडताना गळालेल्या नावांसमोर काय लिहावे, हा प्रशासनाच्या लेखी किरकोळ तपशील असेल, परंतु ते लिहिणाऱ्या हाताला तो किरकोळ नव्हता. अशा शिक्षकाकडून मुलांना धीर देण्याची अपेक्षा सर्वांनी केली. त्याला स्वतःला धीर कोणी द्यावा, हा विचार त्या काळातील शिक्षण खात्याच्या चौकटीत बसत नव्हता.

मोठ्या आपत्तीनंतर मुलांमध्ये दिसणारी लक्षणे आज बऱ्यापैकी ज्ञात आहेत. झोप उडणे, मोठ्या आवाजाने दचकणे, अंथरूण ओले करणे, मोठ्यांना चिकटून राहणे, अबोल होणे, एकाच घटनेचा खेळ पुनःपुन्हा खेळणे, अभ्यासातून लक्ष उडणे. यांपैकी शेवटचे लक्षण शाळेत सर्वांत आधी दिसते आणि त्याचाच सर्वाधिक विपर्यास होतो. प्रशिक्षण नसलेल्या डोळ्यांना ते आळस वाटते. नवीन गावांची रचनाही या संदर्भात विचारात घ्यावी लागते. जुन्या गावातील गल्ली, पार, वाडा, शाळेची वाट हे सारे नाहीसे होऊन त्या जागी रुंद, सरळ, एकसारखे रस्ते आले. मोठ्या माणसांना शेजार हरवल्याचे दुःख होते, आणि त्यांनी ते बोलून दाखविले. मुलांनी ते बोलून दाखविले नाही.

मानसिक आरोग्याकडे त्या वेळी पूर्ण दुर्लक्ष झाले असे मात्र नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या मार्गदर्शनाखाली भूकंपाच्या मानसिक परिणामांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला होता. परंतु तो वैद्यकीय क्षेत्रातील संशोधन-प्रयत्न होता. अध्यापक विद्यालयाच्या अभ्यासक्रमापर्यंत पोचण्याची वाट त्याला नव्हती.

दोन कार्यक्रम, एकच जिल्हा

१९९४ हे वर्ष या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी, त्याच बँकेच्या साहाय्याने, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाचा पहिला टप्पाही महाराष्ट्रात आला. त्यासाठी निवडलेले पाच जिल्हे होते औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद. म्हणजे भूकंपाचे दोन्ही जिल्हे त्यात होते. निवडीचा निकष भूकंपाचा नव्हता. स्त्री-साक्षरतेचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असणे हा तो निकष होता. तरीही योगायोगाने अशी स्थिती निर्माण झाली की ज्या गावांत घरे बांधली जात होती, त्याच गावांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी पूर्वी कधी नव्हता इतका निधी उपलब्ध झाला.

या निधीचा विनियोग काय झाला? गट साधन केंद्रे उभी राहिली, केंद्रशाळा व केंद्रप्रमुख यांची व्यवस्था बळकट झाली, ग्रामशिक्षण समित्या स्थापन झाल्या. शिक्षकांना वर्षानुवर्षे सेवांतर्गत प्रशिक्षण मिळू लागले. त्याआधी एकदा डी.एड. झालेला शिक्षक निवृत्तीपर्यंत प्रशिक्षणाचे तोंड पाहत नसे, हे लक्षात घेता हा बदल क्रांतिकारक होता. परंतु त्या प्रशिक्षणाचा आशय पटनोंदणी, गळती, शैक्षणिक साहित्याची निर्मिती, किमान अध्ययन क्षमता आणि १९९५ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाची ओळख असा होता. ‘आनंददायी शिक्षण’ हा त्या काळचा परवलीचा शब्द. गाणी, खेळ, कृती यांनी वर्ग बोलका करावा, हे शिक्षकाला शिकविले गेले. भूकंपग्रस्त गावातील काही मुलांना त्या गाण्यांनी आणि खेळांनी निश्चितच दिलासा दिला असेल. मात्र गाऊ न शकणाऱ्या मुलाचे काय करावे, याचे उत्तर त्या घटकसंचांचा मुख्य विषय नव्हते. पुनर्वसन कार्यक्रमात सामाजिक पुनर्वसनाचा भाग होता, शिक्षण कार्यक्रमात अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाचा भागही पुढे आला. भूकंपाने खचलेले परंतु वरकरणी धडधाकट असलेले मूल या दोन संचिकांच्या मधल्या जागेत राहिले.

याच दशकात लातूरचे नाव महाराष्ट्रभर झाले ते ‘लातूर पॅटर्न’मुळे. राजर्षी शाहू महाविद्यालय व अन्य संस्थांनी गुणवत्ता यादीत मिळविलेले यश हा मराठवाड्याच्या आत्मविश्वासाचा एक टप्पा होता. पण त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला औसा तालुक्यात मुले नव्या गावातील नव्या शाळेत बसायला शिकत होती, आणि जिल्ह्याची शैक्षणिक ओळख गुणांच्या टक्केवारीने ठरत होती.

अन्यत्र विकसित झालेली पद्धती

आपत्तीनंतर सामान्य कार्यकर्त्याला मानसिक आधाराचे प्रशिक्षण देण्याची भारतीय परंपरा भोपाळ वायुदुर्घटनेनंतर सुरू झाली. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेच्या डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आदी तज्ज्ञांनी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षित केले. १९९९ चे ओरिसातील चक्रीवादळ, २००१ चा गुजरात भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या टप्प्यांत ही पद्धती डॉक्टरांकडून गावपातळीवरील कार्यकर्त्यांपर्यंत व शिक्षकांपर्यंत पोचली. चित्र, गोष्ट, माती, नाट्य आणि गटखेळ ही तिची साधने. मुलाचे ऐकून घेणे, दिनक्रम पूर्ववत करणे, शिक्षा टाळणे आणि अधिक त्रासात असलेल्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठविणे हे तिचे सार. कालक्रम पाहिला तर किल्लारी या मालिकेत मधोमध येते, पण शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा धडा किल्लारीनंतर नव्हे, तर भूजनंतर रूढ झाला.

किल्लारीचा वारसा एका वेगळ्या मार्गाने मात्र मराठवाड्यात परत आला. वाघोलीच्या निवासी प्रकल्पातील अनुभवाशी ज्याचा संबंध जोडला जातो, तो ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम भारतीय जैन संघटनेने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू केला. पुढे राज्य शासनाच्या सहभागाने त्याचा विस्तार झाला. त्यात मूल घरापासून दूर नेलेले नव्हते. प्रशिक्षण मिळत होते ते गावातल्याच शिक्षकाला. तो मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम आहे, आपत्तीतील समुपदेशनाचा नव्हे, हा भेद ध्यानात ठेवूनही दिशा बदलली हे मान्य करावे लागते.

नित्याची आपत्ती

भूकंप ही एका पहाटेची घटना होती. या परिसरातील मुलांची मोठी आपत्ती मात्र दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येते. मुखेड, कंधारसारख्या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी कार्ड या उपायांनी नोंदीची सोय केली. तथापि सहा महिन्यांनी परतलेल्या मुलाला वर्गात पुन्हा सामावून घेणे हे नोंदीचे काम नाही. किनवट परिसरातील आदिवासी आश्रमशाळांतील मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. तेथे घर, भाषा आणि शाळा या तिन्हींत अंतर असते.

२०१२ नंतरच्या दुष्काळी वर्षांत शेतकरी आत्महत्यांनी या प्रश्नाला नवे रूप दिले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आणावे लागले. त्यापूर्वीच, २०१५ मध्ये, शासनाने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा कार्यकर्तीला प्रश्नावलीच्या साहाय्याने नैराश्यग्रस्त व्यक्ती ओळखण्याचे प्रशिक्षण मिळाले. आशा घरी जाई. त्याच घरातील मूल रोज पाच-सहा तास ज्याच्यासमोर बसत असे, तो शिक्षक या साखळीचा मुख्य दुवा नव्हता.

दरम्यान कायद्याने एक पाऊल पुढे टाकले होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली. काय करू नये हे शिक्षकाला समजले. काय करावे, हे सांगणारे व्यापक प्रशिक्षण त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१९ च्या ‘निष्ठा’ कार्यक्रमात, काही अंशी आले. फेब्रुवारी २०२० मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रमांतर्गत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करण्याची योजना जाहीर झाली. तिचा पहिला टप्पा सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आणि आकांक्षित जिल्ह्यांसाठी होता. त्या यादीत उस्मानाबाद होते, लातूर व नांदेड नव्हते. वस्तीवरील चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा तर वर्गाच्या निकषानेच बाहेर राहिली.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले भूकंपाचे दोन धक्के बसले. त्यांतील मोठ्याची तीव्रता ४.५ होती. नांदेड शहरातही लोक घराबाहेर धावले. हानी नगण्य होती. परंतु १९९३ मध्ये औसा वा उमरगा तालुक्यात दुसरीच्या वर्गात असलेले मूल त्या सकाळी अडतीस वर्षांचे होते, आणि त्या पिढीतील जे पुढे डी.एड. करून शिक्षक झाले, त्यांच्या वर्गात त्या दिवशी साधारण त्याच वयाची मुले येऊन बसायची होती.